गिळता येणारा कॅमेरा : लहान आतड्याच्या विकारांचे वेळेवर निदान



वार्षिक अहवालातील जमाखर्चाची पत्रके आपण बारकाईने पाहता, हा आमचा प्रतिवर्षीचा अनुभव आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात ‘कॅप्सूल एंडोस्कोपी’ या शीर्षाखाली एक नवी तरतूद आपल्या दृष्टीस पडेल. गोळीसारखा गिळावयाचा, एकदाच वापरावयाचा आणि नंतर शौचावाटे निघून जाणारा कॅमेरा. आणि त्याची किंमत मात्र काही दहा हजार रुपयांच्या घरात! अशा वस्तूवर धर्मादाय संस्थेने खर्च का करावा, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचारण्याचा आपणांस अधिकारही आहे. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिला आहे. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय भाग तज्ज्ञांकडून समजून घेऊन, सर्वसामान्य वाचकास उमजेल अशा भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

नजरेच्या टप्प्याबाहेरचा वीस फुटांचा मार्ग

आपण घेतलेला घास अन्ननलिकेतून जठरात, तेथून लहान आतड्यात आणि शेवटी मोठ्या आतड्यात जातो. तोंडावाटे घातलेली दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा अगदी आरंभीचा भाग दाखविते. गुदद्वारावाटे घातलेली दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोप, संपूर्ण मोठे आतडे आणि लहान आतड्याचा शेवटचा थोडासा भाग दाखविते. या दोहोंच्या मध्ये लहान आतड्याचा सुमारे वीस फूट लांबीचा मार्ग उरतो. तो पोटात वेटोळे घालून बसलेला असतो, सतत हालत असतो, आणि अन्नातील सत्त्व शोषून घेण्याचे मुख्य काम तोच करतो.

हा भाग दीर्घकाळ वैद्यांच्या प्रत्यक्ष नजरेबाहेर राहिला. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण छायाचित्रांत आतड्याची बाह्यरेषा दिसे, परंतु अस्तरावरील लहान व्रण किंवा रक्तवाहिन्यांचे बारीक जाळे दिसत नसे. निदान अगदीच अडले तर पोट उघडून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आतडे तपासावे लागे.

पचनमार्गातून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांपैकी शेकडा पाच ते दहा रुग्णांमध्ये त्याचा उगम लहान आतड्यात असतो. संख्या थोडी वाटली तरी नेमके हेच रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहतात. कारण त्यांचे दोन्ही बाजूंचे दुर्बीण-अहवाल निर्दोष येतात आणि रक्त मात्र कमी होतच राहते.

दुर्बिणीपासून कॅप्सूलपर्यंत

शरीराच्या आत डोकावण्याच्या शास्त्रात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे, हे आपल्या वाचकांना समाधान देईल. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काम करून काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ साली दाखवून दिले. त्याच तत्त्वावर १९५७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बेसिल हर्शोविट्झ यांनी वाकणारी जठर-दुर्बीण तयार केली. कपानी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला.

परंतु दुर्बीण कितीही लवचिक असली तरी ती बाहेरून ढकलावी लागते. वीस फुटांच्या वेटोळ्यांमधून ढकलण्यास मर्यादा पडते. यावर निराळा तोडगा सुचला तो एका अभियंत्याला. इस्रायलच्या संरक्षण संशोधन संस्थेत क्षेपणास्त्रांच्या ‘डोळ्या’वर काम करणारे गॅव्ह्रिएल इदान १९८१ साली अमेरिकेत बोस्टन येथे काही काळ वास्तव्यास होते. तेथील त्यांचे शेजारी एतान स्कापा हे पोटविकारतज्ज्ञ होते. लहान आतड्यापर्यंत दुर्बीण पोहोचत नाही, ही अडचण शेजाऱ्याकडून ऐकल्यावर, कॅमेऱ्यालाच अन्नाबरोबर प्रवासाला पाठविले तर, असा विचार इदान यांच्या मनात घोळू लागला.

विचार सुचला, तरी साधने नव्हती. त्या काळच्या कॅमेऱ्याला इतकी वीज लागे की लहानशी बॅटरी काही मिनिटांतच संपली असती. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या मार्गदर्शनाखाली अत्यल्प विजेवर चालणारी प्रतिमाग्राहक चकती विकसित झाली आणि मार्ग मोकळा झाला. याच सुमारास लंडनमधील डॉ. पॉल स्वेन स्वतंत्रपणे अशाच प्रयत्नांत होते. पुढे दोघे एकत्र आले. ऑक्टोबर १९९९ मध्ये इस्रायलमध्ये डॉ. स्वेन यांनी स्वतःच पहिली कॅप्सूल गिळली. इतर रुग्णांवर प्रयोग करण्यापूर्वी वैद्याने तो स्वतःवर करावा, हा वैद्यकातील जुना आणि आदरणीय संकेत त्यांनी पाळला. मे २००० मध्ये ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकात दहा निरोगी स्वयंसेवकांवरील अनुभव प्रसिद्ध झाला आणि २००१ साली युरोप व अमेरिकेत या तपासणीस अधिकृत मान्यता मिळाली.  आता जपान, कोरिया, चीन आदी देशांतही अशा कॅप्सूल तयार होतात.

कॅप्सूल काम कसे करते?

ही कॅप्सूल सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असते. जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळीएवढा तिचा आकार आणि वजन चार ग्रॅमहूनही कमी. पारदर्शक टोकाच्या आत एक भिंग, प्रकाश देणारे इवलेसे दिवे, प्रतिमा टिपणारी चकती, दोन बॅटऱ्या आणि चित्रे बाहेर पाठविणारा लघुप्रक्षेपक एवढा संसार त्यात मावलेला असतो.

रुग्णाच्या पोटावर चिकटपट्ट्यांनी संवेदक लावतात किंवा संवेदकांचा पट्टा बांधतात. कमरेला एक लहान नोंदयंत्र असते. कॅप्सूल गिळल्यावर आतड्याच्या नैसर्गिक हालचालीने ती पुढे सरकत जाते. प्रत्येक छायाचित्राच्या वेळी दिवे क्षणभर लुकलुकतात आणि चित्र नोंदयंत्रात जाऊन बसते.

मूळच्या कॅप्सूल दर सेकंदाला दोन छायाचित्रे घेत आणि त्यांची बॅटरी सुमारे आठ तास टिके. त्रैराशिक मांडून पाहावे : एका तासाचे ३,६०० सेकंद, आठ तासांचे २८,८०० सेकंद, आणि सेकंदाला दोन याप्रमाणे ५७,६०० छायाचित्रे. नव्या कॅप्सूलची बॅटरी बारा तासांच्या आसपास टिकते, आणि काही कॅप्सूल वेगाने पुढे सरकत असताना सेकंदाला सहापर्यंत छायाचित्रे घेतात. ही सर्व छायाचित्रे संगणकावर चलचित्राप्रमाणे सलग पाहिली जातात. येथे एक गोष्ट देणगीदारांनी अवश्य ध्यानी घ्यावी. तपासणीचे खरे मोल या पाहण्यात आहे. प्रशिक्षित डॉक्टरांस एकाग्रतेने अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ त्यासाठी द्यावा लागतो, कारण पन्नास हजार चित्रांपैकी रोग कदाचित दोन-तीन चित्रांतच दिसतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संशयास्पद चित्रे वेगळी काढणाऱ्या संगणकप्रणाली आल्या असून त्यांमुळे वेळ वाचतो. तथापि अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

कोणत्या रुग्णांना उपयोग?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा वर्ग म्हणजे छुप्या रक्तस्रावाचे रुग्ण. शौचास काळे किंवा लाल होते, अथवा डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण लोहाच्या अभावी होणारा रक्तक्षय वारंवार उद्भवतो. आणि वरची व खालची दुर्बीण-तपासणी निर्दोष येते. अशा वेळी लहान आतड्यातील रक्तवाहिन्यांचे नाजूक जाळे, व्रण किंवा गाठ कॅप्सूलच्या साहाय्याने सापडू शकते. रक्तस्राव चालू असताना किंवा थांबल्यावर शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन दिवसांच्या आत तपासणी केल्यास कारण सापडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे महिनाभर थांबून, पैसे जमवून केलेली तपासणी पुष्कळदा निष्फळ ठरते. हा मुद्दा पुढे खर्चाच्या संदर्भात पुन्हा येईल.

दुसरा वर्ग क्रोन या विकाराचा. यात आतड्याच्या अस्तरावर जागोजागी व्रण पडतात. आरंभीचे उथळ व्रण अन्य छायाचित्रणात सुटून जाण्याचा संभव असतो. कॅप्सूल ते दाखविते.

तिसरा वर्ग दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांचा. गुडघेदुखी, कंबरदुखी यांवरील काही सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांमुळे जठरास इजा होते हे आपण ऐकून होतो. लहान आतड्यासही त्या इजा करतात आणि ती इजा अनेकांत आढळते, ही गोष्ट कॅप्सूलमुळेच ठळकपणे पुढे आली. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी डॉक्टरांस न विचारता औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या आणून वर्षानुवर्षे घेत असतील, तर त्यांस वेळीच सावध करावे, अशी विनंती आहे. या सल्ल्यास काहीही खर्च येत नाही!

याखेरीज लहान आतड्यातील अर्बुदे, अनुवंशिक कारणांनी होणाऱ्या अनेक गाठी आणि गव्हातील प्रथिन न सोसणाऱ्या सिलियाक विकाराचे काही गुंतागुंतीचे रुग्ण यांच्यातही तज्ज्ञ ही तपासणी सुचवितात. लहान आतड्याचा कर्करोग विरळ आहे. परंतु त्याची लक्षणे उशिरा दिसतात आणि म्हणून तो बहुधा उशिराच सापडतो. ज्याचे रक्त विनाकारण घटत आहे अशा रुग्णाकडे वेळेवर लक्ष दिले, तर त्यातील काहींचा रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्यात असतानाच हाती लागतो.

प्रत्येक रक्तक्षयास कॅप्सूल नको

येथे एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. यांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत कारण साधे असते : आहारातील लोहाची उणीव, मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, बाळंतपणे, जंत. त्यांना पोषक आहार, लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक औषध यांची गरज आहे, महागड्या कॅमेऱ्याची नाही.

मात्र पुरुषांमध्ये आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये लोहाचा रक्तक्षय आढळला, तर रक्त कोठून जाते आहे याचा शोध घेतलाच पाहिजे. ‘वय झाले, अशक्तपणा यायचाच’ म्हणून तो सोडून देणे योग्य नाही. शोधाचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम रक्त व शौचाची तपासणी, नंतर वरची दुर्बीण, त्यानंतर खालची दुर्बीण, आणि या सर्वांतून उत्तर न मिळाल्यास कॅप्सूल. हा क्रम उलटा करण्याचा आग्रह रुग्णाने अथवा नातेवाइकांनी धरू नये.

आपल्या देशातील दोन विशेष गोष्टी

परदेशांतील अनुभव जसाच्या तसा येथे लागू होत नाही. आपल्याकडे अंकुशकृमी हा जंत अजूनही आढळतो. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. गूढ रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी केलेल्या कॅप्सूल तपासणीत हे जंत प्रत्यक्ष वळवळताना दिसल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा रुग्णाचा पुढील उपचार काही रुपयांच्या गोळ्यांचा असतो. म्हणूनच आमचे तज्ज्ञ कॅप्सूलचा विचार करण्यापूर्वी शौचाची तपासणी आणि जंतनाशक औषध यांचा आग्रह धरतात.

दुसरी गोष्ट आतड्याच्या क्षयाची. क्षय हा केवळ फुफ्फुसांचा रोग नाही; लहान व मोठे आतडे जेथे मिळतात त्या भागात तो विशेषेकरून होतो. त्याचे व्रण आणि क्रोन विकाराचे व्रण दिसण्यात पुष्कळ सारखे असतात. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. क्षयावर जंतुनाशक औषधे काही महिने द्यावी लागतात, तर क्रोनवर शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात. क्षयाच्या रुग्णास चुकून अशी औषधे दिली गेली तर रोग भडकतो. कॅप्सूल व्रण दाखविते, परंतु तुकडा काढून आणत नाही. यामुळे जेथे क्षयाची शंका आहे तेथे कोलोनोस्कोपीने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली व जंतुशास्त्रीय पद्धतीने तपासणे, हेच प्रथम आवश्यक ठरते.

शिवाय क्षयाने आतड्याचा मार्ग पुष्कळदा अरुंद होतो, आणि तेथेच कॅप्सूल अडकण्याचा धोका संभवतो. त्याविषयी आता सविस्तर.

मर्यादा आणि धोके

कोणत्याही सुविधेचे गुण सांगताना तिचे दोष झाकून ठेवणे धर्मादाय संस्थेस शोभणारे नाही. या तपासणीच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

एक : कॅप्सूल आतड्यात अडकू शकते. शंभरातील सुमारे दोघांमध्ये असे घडते. ज्यांना क्रोन विकार असल्याचे आधीच ठाऊक आहे अथवा ज्यांचे आतडे अरुंद झाल्याची शंका आहे, त्यांच्यात हे प्रमाण अधिक असते. दोन आठवड्यांत कॅप्सूल बाहेर न पडल्यास ती अडकली असे समजतात. अडकलेली कॅप्सूल पुष्कळदा काहीही त्रास देत नाही, औषधोपचाराने पुढेही सरकते. परंतु प्रसंगी खास दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढावी लागते. हे टाळण्यासाठी शंका असल्यास आधी सीटी स्कॅन करतात किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. ती कॅमेराविरहित असते. मार्ग मोकळा असेल तर अखंड बाहेर पडते आणि अडकली तर आपोआप विरघळते.

दोन : कॅप्सूलला लगाम नसतो. ती थांबविता, वळविता किंवा मागे नेता येत नाही. वळणाआडचा दोष तिच्या नजरेतून सुटू शकतो. अहवाल निर्दोष आला म्हणजे रोग नाहीच, असे शंभर टक्के म्हणता येत नाही. लक्षणे पुन्हा दिसल्यास पुन्हा दाखविणे आवश्यक असते.

तीन : काही रुग्णांमध्ये आतड्याची गती मंद असल्याने बॅटरी संपेपर्यंत कॅप्सूल मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचत नाही आणि तपासणी अपुरी राहते. दीर्घकालीन मधुमेहाच्या रुग्णांमध्ये ती जठरातच रेंगाळू शकते.

चार : कॅप्सूल केवळ पाहते, उपचार करीत नाही. दोष सापडल्यास पुढे फुगा लावलेली लांब दुर्बीण वापरावी लागते. जपानमधील हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ साली पुढे आणलेल्या या पद्धतीत फुग्याच्या आधाराने आतडे दुर्बिणीवर गोळा करीत आत शिरता येते, तुकडा काढता येतो आणि वाहणारी रक्तवाहिनी डागता येते. अर्थात ही प्रक्रिया दीर्घ, कौशल्याची आणि भूल द्यावी लागणारी आहे. कोठे जावयाचे हे कॅप्सूलने आधी सांगितले तर ती नेमकी आणि कमी वेळात होते.

मोठ्या आतड्यासाठीही निराळ्या कॅप्सूल उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१४ साली, ज्यांची कोलोनोस्कोपी पूर्ण होऊ शकली नाही अशा रुग्णांसाठी त्यांना मान्यता मिळाली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२१ साली करोना काळात साचलेली प्रतीक्षायादी लक्षात घेऊन त्यांची मोठी प्रायोगिक योजना सुरू केली. तरीही मोठ्या आतड्यातील गाठ दिसताक्षणी काढून टाकण्याची सोय कोलोनोस्कोपीतच आहे. म्हणून आमच्या तरतुदीचा विचार केवळ लहान आतड्यापुरता केलेला आहे.

रुग्ण व नातेवाइकांसाठी सूचना

तपासणीस येणाऱ्यांच्या मनातील भीती दूर व्हावी म्हणून तपासणीचा क्रम येथे देत आहोत. रुग्णाच्या प्रकृतीनुसार त्यात बदल होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेली सूचना अंतिम समजावी.

लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण त्यांमुळे आतड्यात काळा थर दिसतो. आदल्या दिवशी हलका, मुख्यतः पातळ आहार घ्यावा. पोट साफ होण्याचे औषध दिले जाते आणि रात्रीपासून सुमारे बारा तास उपाशी राहावे लागते. सकाळी संवेदक लावल्यावर पाण्याच्या घोटाबरोबर कॅप्सूल गिळावयाची असते. भूल नाही, इंजेक्शन नाही, वेदना नाही. साधारणतः दोन तासांनी पाणी आणि चार तासांनी हलका आहार घेता येतो. दिवसभर हिंडता-फिरता येते. जड काम मात्र टाळावे. सायंकाळी नोंदयंत्र परत द्यावयाचे असते.

कॅप्सूल बहुधा एक ते तीन दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. बहुतेक प्रकारांत ती जपून ठेवण्याची गरज नसते. परंतु बाहेर पडली की नाही याकडे लक्ष असू द्यावे. ती पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय तपासणी कदापि करू नये आणि अन्यत्र उपचारास गेल्यास तेथील डॉक्टरांस कॅप्सूल घेतल्याचे आवर्जून सांगावे. पोटात कळा, उलट्या किंवा पोट फुगणे असे काही झाल्यास त्वरित रुग्णालयात यावे.

पूर्वी झालेली पोटाची शस्त्रक्रिया, गिळण्यास होणारा त्रास, गर्भावस्था, हृदयात बसविलेला पेसमेकर, मधुमेह आणि क्षयाचा पूर्वेतिहास या गोष्टी आधी न विसरता सांगाव्यात. ज्यांना कॅप्सूल गिळता येत नाही अशा वृद्धांत व लहान मुलांत ती दुर्बिणीच्या साहाय्याने आत सोडता येते.

खर्चाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रुग्णालयातील बहुतेक यंत्रांचे अर्थशास्त्र असे की, आरंभी मोठी रक्कम गुंतविली की रुग्णसंख्या वाढत जाते तसा प्रत्येक रुग्णामागील खर्च उतरत जातो. सोनोग्राफीचे यंत्र हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कॅप्सूलचे गणित उलटे आहे. नोंदयंत्र आणि संगणकप्रणाली यांची खरेदी एकदाच करावयाची. परंतु मुख्य खर्च दर रुग्णामागे नव्याने करावा लागतो, कारण कॅप्सूल पुन्हा वापरता येत नाही. शंभर तपासण्या झाल्या तरी शंभरावी कॅप्सूल पहिलीइतकीच महाग पडते. बॅटरीमुळे तिला वापराची मुदत असते, म्हणून स्वस्तात मोठा साठा करून ठेवणेही व्यवहार्य नाही.

यातून एक नाजूक अडचण उद्भवते. आपल्याकडे यंत्र देणगी देण्याची उदार परंपरा आहे. आई-वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या यंत्रावर नामफलक लागतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांस तो दिसतो, कुटुंबास समाधान मिळते, आणि ते योग्यच आहे. नोंदयंत्रासाठी देणगीदार मिळणे म्हणूनच तुलनेने सोपे असते. कॅप्सूलवर मात्र कोणाचेही नाव लावता येत नाही. ती दोन दिवसांत नाहीशी होते. परंतु कॅप्सूलसाठी पैसा नसेल तर फलक लावलेले यंत्र कपाटात पडून राहील आणि त्याचा उपयोग केवळ ऐपत असलेल्या रुग्णांनाच होईल. धर्मादाय रुग्णालयाच्या हेतूशी ते विसंगत ठरेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. हा निधी सर्वच उपचारांसाठी आहे. एका कॅप्सूलचा भार त्यावर टाकला तर तेवढ्या रकमेतून अन्य काही गरजू रुग्णांवर जे उपचार झाले असते, ते मागे पडतात. यास्तव कॅप्सूलसाठी स्वतंत्र तरतूद असावी, असे विश्वस्त मंडळाचे मत झाले.

तपासणी न केल्याचाही खर्च असतो. तो ताळेबंदात दिसत नाही इतकेच. समजा, साठीतील एक शेतमजूर रक्तक्षयाने दाखल झाला. त्यास रक्त चढविले, दोन्ही दुर्बीण-तपासण्या निर्दोष आल्या, लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठविले. चार महिन्यांनी तो पुन्हा आला. पुन्हा रक्त, पुन्हा तपासण्या. प्रत्येक खेपेस रुग्णालयाची खाट, रक्तपेढीतील रक्त आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी खर्ची पडते. अशा तीन-चार खेपांचा खर्च मिळविला म्हणजे कॅप्सूलची किंमत फार वाटत नाही. आणि त्या काळात आतड्यातील गाठ वाढत असेल, तर त्या विलंबाची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

या सर्व बाबींचा विचार करून मंडळाने पुढील धोरण स्वीकारले आहे. तपासणीची आवश्यकता पोटविकारतज्ज्ञांनी लेखी नमूद केली असेल आणि आधीच्या तपासण्या पूर्ण झाल्या असतील, तरच ती केली जाईल. कॅप्सूलवर रुग्णालय नफा घेणार नाही. खरेदीच्या किमतीसच ती रुग्णास दिली जाईल. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांना स्वतंत्र निधीतून साहाय्य मिळेल, आणि रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाची तपासणी कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी थांबविली जाणार नाही. तपासणी आधी, कागद नंतर. साहाय्याचा क्रम वैद्यकीय निकडीनुसार ठरेल. त्यात शिफारसपत्रास स्थान असणार नाही, मग ते देणगीदाराचे असो, विश्वस्तांचे असो वा रुग्णालयातील कोणा अधिकाऱ्याचे.

विनम्र आवाहन

देणगीदारांस नम्र विनंती अशी की, ज्यांना शक्य आहे त्यांनी एका अथवा अधिक कॅप्सूलच्या खर्चाइतकी रक्कम या निधीस द्यावी. संपूर्ण कॅप्सूलचा भार उचलणे शक्य नसल्यास अंशतः दिलेली रक्कमही तितक्याच आदराने स्वीकारली जाईल. अशा देणगीचा फलक लावता येणार नाही. मात्र पुढील वार्षिक अहवालात या निधीतून किती तपासण्या झाल्या, त्यांपैकी किती रुग्णांत कारण सापडले आणि कितींत सापडले नाही, याचा हिशेब रुग्णांची नावे गुप्त राखून सादर केला जाईल. निष्फळ ठरलेल्या तपासण्यांची संख्याही त्यात असेल, कारण दिलेल्या पैशाचे काय झाले हे पूर्णपणे जाणून घेण्याचा आपला हक्क आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एवढेच सांगावेसे वाटते की, घरातील कोणाचे रक्त वारंवार कमी होत असेल, चालताना धाप लागत असेल, शौचास काळे होत असेल, तर दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. लहान आतड्याचे विकार पुष्कळदा न दुखता वाढतात. बाह्यरुग्ण विभागात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. पुढे कॅप्सूलची गरज आहे किंवा नाही, हे ते ठरवतील. खर्चाची काळजी वाटत असल्यास प्रथम समाजसेवा विभागात भेटावे. पैशाअभावी तपासणी लांबणीवर टाकण्याचा निर्णय परस्पर घरी घेऊ नये, ही कळकळीची विनंती.



आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी